गाडी वळत नाही

चंद्रभाननं इंजिन बंद केलं, हात स्टीअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले आणि समोर पाहिलं, तर समोर त्याची बायको होती. सकाळचे दहा वाजून गेले होते. त्याची दहाची वर्धा एसटी स्टँडवरून अगदी वेळेवर सुटली होती आणि अर्धा किलोमीटर जाऊन भाजीबाजाराच्या चौकात अडकली होती. डिसेंबर लागला की हिंगणघाटात हे ठरलेलं. जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या एका बाजूनं, रेल्वेच्या उड्डाणपुलावरून उतरणारं अर्धं गाव दुसऱ्या बाजूनं, मधे केळीचे ठेले, शाळेच्या व्हॅन, आणि प्रत्येकाला वाटणार की आपण तेवढे निघून गेलो की झालं. आणि त्याच्या गाडीच्या नाकाखाली, काचेतून वाकून पाहावं लागेल इतक्या जवळ, एक हिरवी ई-रिक्षा आडवी घुसून थांबली होती. मागच्या बाकांवर चार बाया. हँडलवर पाचवी. तिनं तोंडाला स्कार्फ गुंडाळला होता, डोळे तेवढे उघडे. पण साडीवर घातलेला खाकी स्वेटर त्याचा होता. डाव्या कोपरावर काळ्या लोकरीनं रफू केलेला. हा स्वेटर भांडेवालीला देऊन टाकला असं त्याला घरात सांगण्यात आलं होतं, आणि त्यानं ते ऐकून सोडून दिलं होतं.

आधी वाटलं, भांडेवालीनं कोणाला विकला असेल. मग त्याला हात दिसले. मनगटावर कढईचा काठ लागून पडलेला डाग, अंगठ्याचं वाकडं नख. पंचवीस वर्षं ज्या हातांनी ताट पुढं केलं ते हात त्यानं असे वरून, लांबून, काचेआडून कधी पाहिले नव्हते. ते हँडल धरून होते. नुसतं धरून नव्हते; डाव्या हाताची दोन बोटं ब्रेकवर सैल टेकलेली होती, जशी शिकवून येत नाहीत, सवयीनं येतात. जया. ही जया आहे. ही आता घरी असायला हवी.

मागं प्रवासी कुरकुरत होते. अर्ध्या तिकिटामुळे गाडी बायांनी भरली होती आणि दाराशी उभा असलेला एक जण मोठ्यानं म्हणाला, "या ई-रिक्षावाल्यायनं पुरं गाव खाऊन टाकलं. आता तं बायाच चालवून राह्यल्या!" कोणी हसलं. खाली एका होमगार्डनं ई-रिक्षाच्या टपावर काठी आपटली. "ए बाई, माघं घे! माघं घे म्हनतो ना!" आणि जयाचा आवाज आला. स्कार्फमधून दबलेला, पण तिचाच. "माघं ट्रॅक्टर हाये. दिसत नाई का तुले?" असा आवाज तिनं घरात कधी लावल्याचं त्याला आठवेना. ताराचंद, त्याचा कंडक्टर, तिकिटाचं मशीन छातीशी धरून केबिनपाशी येऊन उभा राहिला होता. तोही खाली पाहत होता. "भाऊ," तो हळूच म्हणाला, "ओळखीची हाये का?"

"नाई," चंद्रभान म्हणाला, आणि मानही हलवली.

शब्द तोंडातून गेला तेव्हा त्यात काही विशेष नव्हतं. पण मान अजून हलत होती तेवढ्यात जयानं वर पाहिलं. काचेवर ऊन होतं, तिला तो दिसला की नाही हे सांगता येत नव्हतं. तिनं नजर खाली घेतली, हँडल पुरतं डावीकडे मोडलं आणि केळीचा ठेला अन् नालीवरची फरशी यांच्यामधल्या फटीत पुढचं चाक घातलं. ती फट चंद्रभानला दिसलीच नव्हती. रिक्षा एका बाजूला कलली, एका म्हातारीनं दांडा पकडला, मागचं एक चाक फरशीवर चढलं, खडखडलं, उतरलं, आणि हिरवी पाठ गर्दीत निघून गेली. तिच्या जागी सहा फूट मोकळा रस्ता पडला होता. ताराचंदनं डबल बेल दिली. चंद्रभाननं इंजिन चालू केलं आणि बायकोनं मोकळी करून दिलेल्या जागेतून गाडी काढली.

वायगावपर्यंत रस्ता त्याच्या हातांना पाठ होता, त्यामुळे डोकं मोकळं होतं, आणि आज तेच नको होतं. दोन्ही बाजूंना तूर उभी होती, वेचून झालेली कापसाची पऱ्हाटी उभी होती, आणि काचेत सारखा तो स्वेटर येत होता. लाज वाटत होती, पण कशाची ते नीट ठरत नव्हतं. बायको रिक्षा चालवते याची? की आपल्याला माहीत नव्हतं याची? की 'नाई' म्हटलं याची? एक वाटायला लागलं की दुसरं त्याला ढकलून पुढं यायचं. मधेच राग यायचा: एवढ्या गर्दीत, हेल्मेट नाही, बाजूंना पत्रा नाही, नुसता कापडी टप. कापसाचा ट्रक नुसता टेकला तरी संपलं. आणि रागाच्या मागोमाग त्याहून वाईट काहीतरी यायचं. ती फट तिला दिसली होती. सव्वीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला दिसली नव्हती.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी ती एकदा त्याच्या गाडीत बसली होती. आष्टी तिचं माहेर. तेव्हा त्याला तिकडची फेरी लागत असे. केबिनच्या मागच्या सीटवर ती खिडकीशी बसली, नवी साडी, हातात पिशवी. उतरताना म्हणाली होती, "तुमाले सारं समोरचं दिसते. आमाले तुमची पाठच दिसते." तो हसला होता. ड्रायव्हरची बायको कशी बोलते पाहा, म्हणून डेपोत त्यानं ते सांगितलंही होतं. त्यानंतर ती त्याच्या गाडीत कधी बसली नाही, आणि का बसली नाही हा प्रश्न त्याला आज, एवढ्या वर्षांनी, एका वळणावर समोरून दुचाकी येत असताना पडला. त्यानं उगीचच जोरात ब्रेक मारला. मागं कोणाची तरी डबी पडली.

पण त्याला खरं जे टोचत होतं ते अजून पुढं होतं, आणि त्याच्यापाशी न जाता त्याच्या भोवती फिरण्यात त्याचं मन चांगलं तरबेज झालं होतं. आज ते जमेना. रेल्वेच्या पुलापलीकडे गजानन ले-आउट. तिथंच त्यांचं घर. तिथं पूर्वी शहर फेरी जायची, दिवसातून सहा वेळा, आणि शेवटची दोन वर्षं ती फेरी चंद्रभानच चालवत होता. ले-आउट पाडणाऱ्यानं रस्ते कागदावर रुंद दाखवले होते; लोकांनी घरं बांधली, मग कंपाउंड बांधली, मग कंपाउंडच्या बाहेर ओटे आणि तुळशी आल्या, आणि रस्त्याची गल्ली झाली. पाण्याच्या टाकीपाशी गाडी वळवायची असे. चार वेळा मागं-पुढं करावं लागे. पण वळत असे. त्या दिवशी मागचा बंपर वासुदेवरावांच्या कंपाउंडला घासला. भिंतीचा एक कोपरा गेला. वासुदेवराव म्हणजे रिटायर मास्तर, शब्द तोलूनमापून वापरणारा माणूस. त्यांनी थांब्यावरच्या सगळ्या बायांसमोर त्याला विचारलं, "लायसन कोणत्या बाजारातून आणलं रे?" त्या बायांत जयाही उभी होती. तिनं खाली पाहिलं. दुसऱ्या दिवशी चंद्रभाननं डेपोत लिहून दिलं: सदर मार्गावर गाडी वळत नाही, अपघाताचा संभव आहे. ड्रायव्हरनंच लिहून दिल्यावर कोण कशाला नाही म्हणणार? फेरी बंद झाली. त्याला वर्ध्याची ड्युटी मिळाली. मोठा रस्ता, सरळ गाडी. तो मोटरसायकलनं डेपोत जाऊ लागला. ले-आउटातल्या बाया पुलावरून चालत बाजारात जाऊ लागल्या. जयाही. अख्ख्या तालुक्याला तो बसवून नेत होता आणि त्याची बायको मागून पायी येत होती, आणि हे चार वर्षं असंच चाललं होतं.

वर्ध्याला स्टँडबाहेर चहा घेताना ताराचंद ग्लासात पाहत म्हणाला, "भाऊ, राग नका मानू. थ्या वहिनी होत्या ना?"

चंद्रभाननं चहावर फुंकर मारली.

"माही बायको रोज त्याईच्याच रिक्षात येते. दवाखान्यात सफाईच्या कामावर हाये ना थे. सांगते, जयाबाई हाये म्हनून माही ड्युटी टिकली. मले वाटलं, तुमाले माहीत असन."

"मंग इचारलं काऊन?"

ताराचंदनं ग्लास खाली ठेवला. "असंच. वाटलं, तुमी छाती फुगवून सांगान." आणि मग, स्वतःच ओशाळून, "जाऊ द्या. चला, टाइम झाला."

परतीच्या वाटेवर त्याच्या डोक्यात एकच फिरत होतं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. डेपोतल्या चहावाल्याला, हजेरी घेणाऱ्याला, कदाचित वासुदेवरावांनाही. आपल्याला कोणी सांगितलं नाही कारण प्रत्येकाला वाटलं की घरातली गोष्ट घरात माहीत असणारच. हिंगणघाट जवळ आलं. हायवेच्या पुलावरून हैदराबादकडे जाणारी वाहनं गावाकडे न पाहता निघून जात होती. गावात शिरताना स्टँडसमोर एक मोठा फ्लेक्स होता, छोट्या इलेक्ट्रिक बसचं चित्र असलेला, 'लवकरच' असं लिहिलेला. रोज तो त्याच्याकडे पाहून हसायचा. आज चित्रातली बस त्याला अगदी टाकीपाशी वळेल एवढी वाटली, आणि त्यानं मान फिरवली.

घरी पोचला तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. जया ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. स्वेटर अंगात नव्हता. दोरीवर, उघड्यावर, वाळत होता. त्यानं हातपाय धुतले. तिनं चहा आणून ठेवला आणि पुन्हा शेंगांपुढे बसली. त्याला वाटलं, आज काही बोलायलाच नको, उद्या पाहू. पण तीच म्हणाली, "दिसली ना मी?"

"हो."

"मलेबी दिसले तुमी. काच चमकत होती, पन मान हालवली थे दिसलं."

त्यानं चहा हातात तसाच धरला. ती चिडून बोलत नव्हती. शेंग फोडत होती, दाणे सुपात टाकत होती. "बरं झालं," ती म्हणाली. "तुमी खाली उतरले असते तं मी घाबरली असती. अन् थ्या चौकात घाबरून जमत नाई."

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून. आखाडात शिकाले लागली होती. बचत गटाले भेटली रिक्षा. तिघीजनी होतो, दोघीयनं सोडलं. मोहिनीच्या आंगनात लावते, तिच्याच घरी चार्जिंग." मोहिनी म्हणजे मागच्या गल्लीतली, लहान मुलाची आई.

"मले सांगितलं काऊन नाई?"

"काय सांगू?" तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. "तुमी म्हनले असते, टाकीपाशी वळवता येते का तुले? मंग मले खरंच आली नसती."

तो हे म्हणाला असता, अगदी याच शब्दांत. त्याचं त्यालाच ऐकू आलं. आणि आता ते बोलल्याशिवाय बसवेना. "जया," तो म्हणाला, "थे फेरी मी बंद पाडली." तिला कळलं नाही. मग त्यानं सगळं सांगितलं. कंपाउंड, वासुदेवराव, लिहून दिलेला कागद. सांगताना तो स्वतःची बाजू घेत होता, चार वेळा मागं-पुढं करावं लागायचं, एखादं लेकरू चाकाखाली आलं असतं तर, आणि तिचे हात थांबले तसा तोही थांबला.

"वळत होती गाडी," ती म्हणाली. "मी रोज पाह्यत होती."

"हो. वळत होती."

"चार वर्स." तिचा आवाज चढला नव्हता, नुसता कोरडा पडला होता. "आपल्या पोरीच्या बारावीच्या वर्साले मी रोज संध्याकायी तिले आनाले पुलावरून गेली, अंधार पडते म्हनून. म्हातारी धुरपताबाई काठी टेकत गेली. मोहिनीचे दिवस भरत आले होते तं थे पायी गेली तपासाले, पुलावर दोनदा बसली. मी तिच्यासंगं होती. मी तिले सांगत होती, काय करतं बाई, गाडी वळत नाई." ती थांबली. "माह्या तोंडून सांगत होती मी. अन् तुमी, एका कंपाउंडसाठी?"

चंद्रभानला वाटलं होतं की सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट घर लहान झाल्यासारखं वाटलं. ती उठली, सूप उचललं, दारात थांबली. "परत लिवून द्या," ती म्हणाली.

"काय?"

"खरं काय हाये थे. गाडी वळत होती म्हनून."

"सव्वीस वर्सं झाले, जया. एक लाल शेरा नाई माह्यावर. सहा वर्सं उरले. अन् थ्या छोट्या बसा येनार हायेत म्हनते. मार्ग चालू झाला अन् थ्या बसा इकडे टाकल्या तं तुह्या रिक्षात कोन बसन?"

"नाई बसले तं नाई बसले," जया म्हणाली. "लिवून द्या." आणि आत गेली. रात्री जेवायला तिनं वाढलं मात्र रोजच्यासारखं.

सकाळी तो लवकर उठला आणि मुलीच्या, आचलच्या, जुन्या वहीचं पान फाडून लिहायला बसला. 'विनंती' लिहिलं, खोडलं. 'सदर मार्गाबाबत फेरविचार' लिहिलं, तेही खोडलं. असल्या कागदांची भाषा त्याला येत होती. तिच्यात कोणी काही केलेलं नसतं, सगळं आपोआप झालेलं असतं. शेवटी त्यानं साधंच लिहिलं: टाकीपाशी गाडी वळत होती. चार वर्षांपूर्वी मी खोटं लिहिलं. खाली सही, बिल्ला नंबर. पान चार घड्या करून खिशात घातलं. मोटरसायकलची किल्ली खिळ्यावर होती, तिच्याकडे पाहिलं आणि तसाच बाहेर पडला.

टाकीपाशी सहा-सात बाया उभ्या होत्या. त्यांच्यात जाऊन उभं राहणं अवघड होतं. हात कुठं ठेवावे कळेना. धुरपताबाई काठी आणि डोळ्यांच्या तपासणीची फाइल घेऊन कठड्यावर बसली होती. तिला सेवाग्रामला जायचं होतं, रेल्वे गाठायची होती. तेवढ्यात हिरवी रिक्षा गल्लीतून आली, आणि चंद्रभान नकळत दोन पावलं पुढं झाला. जयानं ती त्याच्या पद्धतीनं वळवली नाही. तो नेहमी आधी नाक घालायचा. तिनं आधी वासुदेवरावांच्या भिंतीकडे पाठ घातली, सरळ केलं, आणि एका दमात तोंड पुलाकडे आणलं. वासुदेवराव फाटकात मफलर गुंडाळून उभे होते आणि हातानं खुणा करत होते, "येऊ द्या, येऊ द्या जयाबाई, बस!" त्यांची नजर चंद्रभानवर गेली. ते काहीतरी म्हणायला गेले, आणि नुसतेच नमस्कार करून आत वळले.

जयानं त्याला पाहिलं. "कुठी?" तिनं विचारलं.

"डेपोत."

"बसा."

बायांनी एकमेकींना सरकवून त्याला कडेची जागा दिली. चौघींच्या जागेत पाच जण झाले. ओळखीच्या एकीनं, "भाऊ, आज गाडी नाई का तुमची?" असं विचारलं, आणि उत्तर यायच्या आत दुसरीच गोष्ट निघाली. गाड्या किती लेट चालतात, मोहिनीच्या पोराला दात येताहेत. रिक्षात बोलणं चालूच होतं, त्याच्या येण्यानं ते थांबलं नाही. त्याला समोर फक्त जयाची पाठ दिसत होती. खाकी पाठ, मानेवर बांधलेली स्कार्फची गाठ. रस्ता दिसत नव्हता. प्रत्येक वळणाला अंग कोणत्या बाजूला टाकायचं ते पाठ हलली की कळायचं. त्याला बसवत नव्हतं. पाय आपोआप ब्रेक शोधत होता, आणि तिथं कोणाची तरी पिशवी होती.

पुलाची चढण लागली आणि रिक्षाचा आवाज बसत गेला. रात्री लाइट गेली होती, चार्जिंग पुरतं झालं नव्हतं. समोर कापसाचा ट्रक गोगलगायीसारखा चढत होता, मागं वाहनांची रांग लागत होती. खाली स्टेशनवर भोंगा झाला तशी धुरपताबाईनं फाइल छातीशी धरली. "माय, चुकते वाटते." चढणीच्या मध्यावर रिक्षा जवळजवळ थांबली. जया मागं न पाहता म्हणाली, "एक जन उतरा."

कोणी काही म्हणायच्या आत चंद्रभान उतरला. वजन कमी झालं तरी चाक पुढं घेईना. इंचभर मागंच सरकलं. मागून हॉर्न सुरू झाले. त्यानं दोन्ही हात मागच्या पत्र्यावर टेकले, पाय रोवले आणि रेटा दिला. चप्पल सटकली. पुन्हा रोवला. खांद्यातून कळ गेली, तोंडात धूळ आली, चेहऱ्यासमोर धुरपताबाईची सुरकुतलेली टाच आणि काठीचं टोक. सव्वीस वर्षांत एवढं लोखंड हलवलं, पण वजन म्हणजे काय ते अंगाला आज लागत होतं. रिक्षा हलली. आणखी हलली. मग मोटरनं पकड घेतली आणि त्याच्या हाताखालून पत्रा निघून गेला.

तो ओरडला नाही, आणि ती थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा उचलली नसती, हे त्याला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हेही कळलं. रिक्षा ट्रकच्या उजवीकडून निघाली, माथ्यावर पोचली. पलीकडचा उतार उभा होता आणि खाली, स्टेशनच्या वळणाच्या अलीकडे, वाळू साचलेली असते. नवखा माणूस तिथं पोचून ब्रेक मारतो आणि घसरतो. चंद्रभान कमरेवर हात ठेवून, धापा टाकत माथ्यापर्यंत गेला. खाली हिरवा ठिपका उतरत होता. वाळूच्या बरंच आधी, विजेच्या दुसऱ्या खांबापाशी, ब्रेकचा लाल दिवा लागला. विझला. पुन्हा हलकेच लागला. तो असता तर त्यानंही तिथंच लावला असता.

डेपो अजून दीड किलोमीटर होता. कागद दिला की दहाची गाडी आज बहुधा दुसऱ्या कोणाला न्यावी लागणार होती. तरी आधी तो द्यायचा होता. त्यानं खिसा चाचपला. घामानं पान थोडं ओलं झालं होतं, पण होतं. तो पुलाच्या कडेनं चालू लागला, जिथं चालायला अशी जागा नव्हतीच, एका बाजूला कठडा आणि दुसऱ्या बाजूला चाकं. कापसाचा एक पुंजका रस्त्यावरून उडत आला आणि त्याच्या पायजम्याला चिकटला. मागून कोणीतरी जोरात हॉर्न वाजवला. चंद्रभान बाजूला झाला.